सगळ्यांत शांत पोट

माइकला सगळं ऐकू येतं. खिशातली किल्ली, खुर्चीची कुरकुर, ओठ सुटल्याचा आवाज. आणि पोट.

डबिंगच्या स्टुडिओत माणसं पोटाला फार घाबरतात. पडद्यावर नायिका मरणाच्या दारात असते, आणि तिच्यासाठी बोलणाऱ्या बाईच्या पोटात कावळे ओरडतात. मग सगळं परत. म्हणून आमचे ध्वनीवाले काका यंत्रांच्या टेबलावर बिस्किटांचा डबा ठेवत. बूथमध्ये शिरण्याआधी प्रत्येकाने काहीतरी तोंडात टाकायचं, हा नियम होता. फक्त मैनाला तो लागू नव्हता.

काका म्हणायचे, मैनाचं पोट म्हणजे खानदानी माणूस, चारचौघांत तोंड उघडत नाही. सगळे हसायचे. तीही हसायची. नवीन कलाकार आले की काका तिचं उदाहरण द्यायचे.

ते पोट बोलायचं का थांबलं, हे त्या इमारतीत कुणी विचारलं नाही. दिवसभर कान देऊन बसणारी माणसं ती. श्वास अर्धा कमी पडला तरी त्यांना कळतो. मला त्यांचा राग आहे. हे लिहिते आहे ते त्याच रागाने.

मैना हे तिचं खरं नाव नव्हे. एकदा ऐकलं की बोलते म्हणून काकांनी ठेवलेलं. परदेशी मालिका आमच्या भाषेत आणायचं आमचं काम. मी संवाद लिहायची, ती बोलायची. साहित्याची पदवी घेतलेल्या मुलीला बरी नोकरी होती. शेजारी विचारायचे, काय करतेस? मी म्हणायची, परक्या तोंडात आपले शब्द कोंबते.

मैना संहिता आधी वाचत नसे. काचेपलीकडे उभी राहायची, कानांवर हेडफोन चढवायची आणि समोरच्या पडद्यावरचा चेहरा बघायची. भुवई, नाकपुडी, हनुवटीचा खड्डा. चेहरा दिसला की आवाज यायचा. आई मेलेली मुलगी, फसवलेली बायको, तुरुंगातून सुटलेली म्हातारी. पहिल्याच टेकला. काका डोळे पुसत म्हणायचे, ही रडली की माझ्या यंत्रालाही पाझर फुटतो. बाकीच्या कलाकार तिला पगारी रडूबाई म्हणत. मत्सर होता, पण खोटं नव्हतं.

अशा मुलीला रडणं म्हणजे काय हे ठाऊक नसेल, असं कुणाला वाटेल?

मोठ्या मालिकेतली मुख्य भूमिका तिच्या आवाजात दोन वर्षं चालली. मग ती काढून दिग्दर्शकांच्या भाचीला दिली. दिग्दर्शकांनी तिला हे जिन्यात सांगितलं, वर चढता चढता, न थांबता. ती म्हणाली, ठीक आहे सर. मी मागेच होते. माझं डोकं फिरलं.

खाली टपरीवर मी तिला विचारलं, "तुला काय वाटलं?"

"कशाचं?"

"कशाचं म्हणजे? तुझी भूमिका गेली."

तिने जरा विचार केला. खरंच विचार केला, हे मला आता कळतं. "पोट भरलंय," ती म्हणाली.

"सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस."

"तरी भरलंय." तिने गळ्याच्या खाली हात ठेवला. "इथपर्यंत."

मला वाटलं, टाळते आहे. न जेवण्याची तिची कारणं आम्हाला पाठ होती. उशिरा खाल्लंय, वास आवडत नाही, नंतर घेते. पोट भरलंय हे त्यांतलंच एक समजले. पण ती खोटं बोलत नव्हती. ती मला तिच्याकडे होतं तेवढं सगळं सांगत होती.

बारीक होत गेली तसं तिचं कौतुक वाढत गेलं. कपडे किती छान बसतात. काय करतेस, आम्हालाही सांग. पुढे पुढे ते शब्द थांबले आणि माणसं नजर चुकवू लागली. कौतुक करताना जीभ सैल होती. काळजी करायची वेळ आली तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

तिचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. तीन खोल्या, आणि जेवणाचं टेबल खोलीच्या मानाने फार मोठं. मी तिथे बरेचदा जेवले आहे. टेबलाच्या डोक्याची खुर्ची रिकामी असायची. तिथे कुणी बसत नसे. ती वडिलांची. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली होती, पण खुर्ची अजून घरात दबदबा राखून होती.

काकूंनी, म्हणजे तिच्या आईने, मला त्या खुर्चीची गोष्ट अभिमानाने सांगितली. यांचा स्वभाव तापट. मुलांना मी पहिल्यापासून वळण लावलं, की बाबा जेवायला बसले की आधी त्यांचा चेहरा बघायचा, मग बोलायचं. चेहरा बरा असेल तर शाळेचं सांगायचं. नसेल तर मुकाट खायचं. पोरगा मेला विसरायचा आणि मार खायचा. ही नाही. हिला ताटात काय आहे ते कळायच्या आधी बाबांच्या कपाळावर काय आहे ते कळायचं.

"एवढीशी होती," काकू म्हणाल्या, "पण ते घरात शिरले की ही त्यांच्यासारखीच हसायची, त्यांच्यासारखीच गप्प व्हायची. गुणाची पोर. हिला राग म्हणून कधी आलाच नाही."

वडील गेले त्या दिवशी ती म्हणाली होती, बूट चावतोय. दिवसभर तेवढंच. एक टिपूस नाही डोळ्यांत. मावशी तिला दगड म्हणाली. तिच्या भावाने तो शब्द उचलला आणि ठेवून घेतला. दिवसभर दुसऱ्यांसाठी रडते, घरी आली की दगड, असं तो माझ्यासमोर म्हणाला. ती शेजारीच ताटली पुसत होती. आधीच कोरडी असलेली ताटली ती पुसत राहिली.

मी पदवीला नऊ रसांच्या व्याख्या लिहून आले. उदाहरणांसह. ज्या माणसाला स्वतःचा एकही रस चाखता येत नाही त्याच्याविषयी कुठल्याच पेपरात प्रश्न नव्हता.

शेवटी चक्कर येऊ लागली, तेव्हा काकू तिला डॉक्टरांकडे न्यायला तयार झाल्या. मीही गेले. खाण्याच्या आजारांवर काम करणाऱ्या एक बाई होत्या. दमलेल्या, शांत. त्यांनी तपासलं, वजनाविषयी काही बोलल्या नाहीत, फक्त समोर बसून विचारलं, "तुला काय वाटतंय?"

मैनाने मान वर केली. डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मला ती नजर ओळखीची होती. काचेपलीकडची.

"मला जगायचंय, डॉक्टर," ती म्हणाली. "कुणासाठी नाही. माझ्यासाठी."

शेवटच्या शब्दावर आवाज किंचित चिरला. काकू रडायला लागल्या. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. दाखल करायचा विचार त्यांच्या मनात होता, तो त्यांनी मागे ठेवला. एवढी इच्छा असेल तर घरी राहून उपचार करून बघू, म्हणाल्या.

ते वाक्य माझं होतं. इस्पितळाच्या मालिकेतल्या एका बरी होणाऱ्या बाईसाठी लिहिलेलं. आवाज चिरतो तिथे मी संहितेत तीन टिंबं दिली होती.

जिन्यात मी तिला अडवलं. "ते माझं वाक्य होतं."

"हो," ती म्हणाली. "चांगलं आहे."

"पण तुला तसं वाटतंय का?"

"त्यांना वाटत होतं. चेहऱ्यावर दिसत होतं की."

तिच्या आवाजात लबाडी नव्हती. समोर चेहरा होता, प्रश्न आला, तिने आवाज दिला. काम चोख केलं. आणि त्या कामाची शाबासकी म्हणून तिला मरायला घरी पाठवत होते.

मी काकूंना सगळं सांगितलं. ते शब्द मालिकेतले आहेत, तिचे नाहीत. काकूंनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "शब्द कुणाचे का असेनात, बाळा. मन तर तिचंच ना?" मी दवाखान्यात फोन केला. पलीकडच्या मुलीने निरोप घेते म्हणून सांगितलं. कुठे घेतला देव जाणे.

नंतर एका दुपारी स्टुडिओतला पडदा बंद पडला. आवाज येत होता, चित्र नव्हतं. दिग्दर्शक घाईत होते. म्हणाले, नेहमीचाच प्रसंग आहे, चित्र नंतर जुळवू. मैना, तू नुसता हुंदका दे.

बूथमध्ये शांतता.

"दे ना."

"कोण रडतंय?" मैनाने विचारलं.

"कोण म्हणजे? तू."

"मी?"

मी काचेला लागूनच उभी होते. काळ्या पडद्यासमोर तिने डोळे मिटले, उघडले. तोंड उघडलं. काहीही आलं नाही. जिने हजार बायकांना रडवलं तिला एक हुंदका सापडेना. ती तो शोधत होती. अंधारात माणूस चाचपडत विजेचं बटण शोधतो तशी, आत कुठेतरी. दिग्दर्शक म्हणाले, आता नखरे नकोत. तिने हेडफोन काढले, आधाराला माइकची दांडी धरली, आणि दांडीसकट खाली गेली.

काका पहिल्यांदा ओरडले ते, "माइक!" मग धावले. चांगला माणूस आहे. पण पहिला शब्द तोच होता.

इस्पितळात तिची नाडी सावरायला बरेच दिवस लागले. त्याच डॉक्टर. या वेळी मी निरोपावर भागवलं नाही. त्यांच्या खोलीबाहेर बसून राहिले आणि त्या बाहेर आल्या तेव्हा पडद्याची गोष्ट सांगितली. तीन टिंबांचीही सांगितली.

त्या म्हणाल्या, काही माणसांना आपल्या आत काय चाललंय ते ओळखता येत नाही. राग, भीती, दुःख, सगळं अंगातच राहतं. पोट, थंडी, दुखणं होऊन. त्याला नाव मिळत नाही. खाण्याचे आजार असलेल्यांत हे आम्हाला पुष्कळदा दिसतं. मी विचारलं, त्या टेबलामुळे? त्या खुर्चीमुळे? त्या म्हणाल्या, कारणं अशी एका खुर्चीत मावत नाहीत. मला त्याचाही राग आला. मला ती खुर्ची जाळायची होती, आणि त्या मला आगपेटी देत नव्हत्या.

ठरायचं एवढंच होतं. एक तर ती घरी जाणार, नाही तर वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात राहणार. तिथे काही महिने राहून उपचार घेतात. पण ती सज्ञान होती. तिची स्वतःची तयारी लागणार होती. घरी गेली तर, डॉक्टर म्हणाल्या, तिचं हृदय पुन्हा असं दमेल. आणि पुढच्या वेळी ते सावरेलच असं मी सांगू शकत नाही.

ठरवायच्या दिवशी सगळे खोलीत जमले. डॉक्टर, काकू, भाऊ, मी. भावाने तिची बॅग भरूनच आणली होती. बॅग मांडीवर घेऊन बसला होता, गाडीची वेळ झाल्यासारखा. मैना खुर्चीत बसली होती. समोर काकू.

डॉक्टरांनी विचारलं, घरी की वर? मैनाने बघितलं ते आईकडे. आईच्या चेहऱ्यावर काय होतं ते मलाही वाचता येत होतं. चल घरी.

"मला घरी जायचंय, आई," मैना म्हणाली. ऊबदार, जरा थकलेला, गोड आवाज. "सगळं ठीक होईल."

काकूंनी तिचा हात धरला. भाऊ उठला. एवढ्यावर संपत होतं. एका गोड आवाजावर.

मी तिची खुर्ची मागून धरली आणि ओढली. फरशीवर घसरताना ती किंचाळली, म्हणजे खुर्ची. मैनासकट फिरवून मी ती भिंतीकडे केली. भिंतीवर काही नव्हतं. फिकट रंग आणि एक खिळा.

"तू कोण गं मधे पडणारी?" भाऊ म्हणाला.

"हिचे संवाद लिहिते," मी म्हटलं. "आत्ता बोलली तो आवाज तिचा नाहीये. तो काकूंचा आहे."

"डोकं फिरलंय हिचं. आई, चल."

"बसा," डॉक्टर म्हणाल्या. आवाज न चढवता. तो बसला. डॉक्टर जागच्या हलल्या नाहीत. तिच्या पाठीमागून त्यांनी विचारलं. तुला काय होतंय?

मला तिची मान दिसत होती, आणि मांडीवरच्या हातांची कोपरं. इतकी शांतता मी फक्त बूथमध्ये ऐकली आहे.

मग तिचं पोट बोललं. मोठ्याने, लांबलचक, घरातलं जड कपाट सरकवावं तसं. इतके दिवस इस्पितळात थोडं थोडं खाऊन ते जागं झालं होतं.

"सॉरी काका," मैना पटकन म्हणाली. "परत घेऊया."

कुणीही हसलं नाही.

"काका इथे नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "परत घ्यायचं नाही. नाव देऊ नकोस. अंगात काय होतंय तेवढं सांग."

तिने बोटं एकमेकांवर घासली. "हात गार आहेत," ती म्हणाली. "जबडा दुखतोय. इथपर्यंत भरलंय." हात गळ्याखाली गेला.

"कधीपासून?"

"हिने खुर्ची फिरवली तेव्हा." ती थांबली. "नाही. त्याच्या आधी. दादा बॅग घेऊन आला तेव्हा." परत थांबली. "सरांनी जिन्यात सांगितलं तेव्हा पण होतं. बाबा बसायचे तेव्हा पण."

काकूंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. डॉक्टरांनी हात वर केला.

"घरी असं होतं?"

"घरी भरलेलंच असतं."

"मग इथे राहायचंय?"

"माहीत नाही."

"माहीत नाही हे चालेल," डॉक्टर म्हणाल्या. "वरच्या मजल्यावर राहायला हरकत आहे?"

तिने भिंतीकडे बघून विचार केला. तिथे मदतीला कुणी नव्हतं.

"हरकत नाही," ती म्हणाली.

सपाट. कसलाही रंग नसलेले दोन शब्द. पण ते तिचे होते, आणि डॉक्टरांना तेवढे पुरले.

"असं रुक्ष बोलतात का?" काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या. "आत्ता तर किती छान बोलत होती."

भावाने बॅग जमिनीवर आपटली. नंतर कळलं की तीच वर न्यायची आहे, तेव्हा ती उचलून त्यालाच जिना चढावा लागला. मला त्याचा आनंद झाला. लपवत नाही.

वॉर्डात भेटायला मी काही आठवड्यांनी गेले. त्याआधी परवानगी नव्हती. काकांनी माझ्याबरोबर बिस्किटांचा डबा पाठवला होता. झाकण पुसून लख्ख केलेलं. तेच त्यांचं प्रायश्चित्त. दिग्दर्शकांनी निरोप पाठवला होता, की मैना कधी येते, दुसऱ्या मालिकेत एक मरणारी बाई आहे. तो निरोप मी दारातच गिळला. अजून पचलेला नाही.

ती खिडकीशी बसली होती. फार सुधारली होती असं नाही. जेवण हा तिथे रोजचा झगडा होता, आणि ती तो रोज जिंकत नव्हती. डबा मी टेबलावर ठेवला. तिने उघडला नाही. माझ्या चेहऱ्याकडेही बघितलं नाही. टेबलाच्या कडेकडे बघत बोलली.

"तू सगळ्यांसमोर माझी खुर्ची फिरवलीस."

तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. खरखरीत, थोडा नाकातला, शब्दांच्या शेवटी पडणारा. काकांनी पहिल्याच टेकला कापला असता.

"हो," मी म्हटलं.

"विचारलं नाहीस."

"नाही."

टेबलाखाली तिची मूठ वळलेली होती. "जबडा दुखतोय," ती म्हणाली. "त्या दिवशीचं आठवलं की दुखतो. तू आलीस की जास्त. छातीत गरम होतं."

तो शब्द माझ्या जिभेवर होता. दोन अक्षरांचा. माझ्याकडे तो ढिगाने आहे. तिच्या आईसाठी, भावासाठी, त्या जिन्यासाठी, त्या पडलेल्या माइकसाठी. एक तिला देऊन टाकायला काय हरकत होती? मी तोंड उघडलं.

तिने तेवढ्यात वर बघितलं. माझ्या चेहऱ्यावर तो शब्द तिला दिसला असणार. तिला कुणाच्याही चेहऱ्यावरचं दिसतं. तिने झटकन डोळे मिटून घेतले.

"ह्याला काहीतरी म्हणतात," ती म्हणाली.

"म्हणतात."

"तू सांगू नकोस."